इंजिनिअरिंगची शाखा कशी निवडावी?

बारावीचा व प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला कीं आमचे जुने विद्यार्थी आपल्या वडिलांसह आम्हांकडे येतात. हातांत गेल्या वर्षीं कोणत्या शाखेचा प्रवेश किती गुणांवर थांबला, याची यादी असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, एवढ्या गुणांत कोणती शाखा मिळेल?" कोणती शाखा मानवेल, हें विचारणारा विरळा. यादीवरून मागणी कळते. दिवसभर काम काय करावें लागतें, तें यादींत लिहिलेलें नसतें.

ही चूक आम्हींही केली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका हुशार विद्यार्थ्यास आम्हीं यादीकडे बोट दाखवून संगणक शाखा सुचविली. शाळेच्या प्रदर्शनांत त्यानें स्वतः केलेला पंप आम्हीं पाहिला होता, तरीही सुचविली. दुसऱ्या वर्षीं तो भेटला तेव्हां गुण चांगले होते, पण मुद्रेवर उत्साह नव्हता.

शाखेचें नांव निराळें आणि तिचें काम निराळें. रसायन आवडतें म्हणून रासायनिक इंजिनिअरिंग घ्यावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तेथें खरा प्रश्न प्रमाणाचा असतो. भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आंत मावणारा माल आठपट होतो. उष्णता बाहेर जावयाचा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणून चंचुपात्रांत शांतपणें घडणारी क्रिया मोठ्या टाकींत भडकूं शकते. संगणक शाखेंत एका चिन्हाची चूक शोधण्यांत सबंध संध्याकाळ जाते. स्थापत्य म्हणजे केवळ भिंती बांधणें नव्हे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं पुण्यास स्थापत्याचें शिक्षण घेतलें; खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं त्यांच्या योजनेचे दरवाजे बसले, ते पाणी ठराविक पातळीपुढें चढतांच आपोआप उघडत.

मग निवड करावी कशी? महाराष्ट्रांत प्रवेशाच्या वेळींच शाखा भरून द्यावी लागते, हें खरें. परंतु पहिल्या वर्षाचे बरेच विषय सर्व शाखांस सारखेच असतात. तें वर्ष कसोटीचें समजावें. कर्मशाळेंत कानस चालवितांना वेळ कसा गेला, रेखांकनांत एकच वस्तु तीन बाजूंनीं डोळ्यांपुढें उभी राहिली कीं नाहीं, विद्युत्‌मंडलाचें गणित चुकल्यावर पुन्हा करावेंसें वाटलें कीं नाहीं, याची टांचणवहींत नोंद ठेवावी. केवळ गुणांनीं फसूं नये. कंटाळवाण्या विषयांतही पाठांतरानें गुण मिळतात. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेंत एक दुपार बसून पाहावें.

एवढें करून निवड चुकलीच, तर सर्व संपलें असें नाहीं. वर्षाअखेर जागा रिकाम्या असल्यास गुणानुक्रमें शाखा बदलतां येते. म्हणून पहिल्या वर्षीं आळस परवडत नाहीं. कित्येक महाविद्यालयांत साधारण १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून दुसऱ्या शाखेचा उपविषयही घेतां येतो. आमचा तो विद्यार्थी तसें करून यंत्रशाखेचे विषय शिकला. त्यास दुप्पट मेहनत पडली. ती आमच्या सल्ल्याची किंमत होय.

पालकांस एवढीच विनंति कीं, यादी उघडण्यापूर्वीं मुलाच्या अथवा मुलीच्या हातांकडे पाहावें. सुटीच्या दिवशीं, कोणी न सांगतां, ते हात कशांत गुंततात, हें घरच्या माणसांइतकें कोणास ठाऊक असणार?