आकाश पाहायचंय? लॉगिन करा!

एक फोटो पाहायला टीव्ही किती लागतात? चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या रुबिन वेधशाळेनं काढलेला फोटो असेल, तर सुमारे ४००, तेही फोर-के! कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. एका रात्रीचा माल साधारण २० टेराबाइट. घरच्या १०० एमबीपीएस कनेक्शनवर उतरवायला बसलात, तर १८ दिवस गेलेच. तोवर दुर्बीण आणखी १८ रात्री जागून मोकळी! आणि हा उद्योग १० वर्षं चालायचाय.

उपाय? डाउनलोडच करायचं नाही. डेटा जागेवर, कोड त्याच्या भेटीला. शास्त्रज्ञ ब्राउझर उघडतात, गूगल क्लाऊडवरच्या पोर्टलमध्ये शिरतात आणि ज्युपिटर नोटबुक या ऑनलाइन वहीत पायथन भाषेतला कोड लिहितात. थंडीत कुडकुडायला नको, फक्त पासवर्ड आठवायला हवा.

माहीत आहे का, कृष्णविवराचा पहिला फोटो चक्क विमानप्रवास करून आला? एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी मिळून सुमारे ५ पेटाबाइट डेटा जमवला. एवढा ऐवज नेटवरून कोण पाठवणार? अर्धा टन हार्ड डिस्क खोक्यांत भरल्या आणि अमेरिका-जर्मनीला धाडल्या. डिस्कही खास, हेलियम भरून सीलबंद. उंच डोंगरावरच्या विरळ हवेत साध्या डिस्क दगा देतात.

दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीची खोकी मात्र अडकली. तिथं हिवाळाभर विमानच नाही! ती पोचली डिसेंबरात. गंमत ऐका: ध्रुवावरून ते कृष्णविवर दिसतसुद्धा नाही. तरी बाकीच्या डेटाची जुळणी करायला ती हवीच होती. फोटो जगाला दिसला १० एप्रिल २०१९ रोजी. दोन वर्षं! गल्लीतला जुना फोटो स्टुडिओवालाही गिऱ्हाइकाला इतकं ताटकळवत नसे.

पुन्हा क्लाऊडकडे. नासाच्या क्लाऊड प्रकल्पाचं नाव काय होतं, सांगा पाहू? नेब्युला, म्हणजे तेजोमेघ! २०१० मध्ये त्याचा कोड रॅकस्पेस कंपनीच्या कोडशी जोडला आणि ओपनस्टॅक हे क्लाऊड सॉफ्टवेअर जन्मलं. आज टेलिकॉम कंपन्याही त्यावर चालतात.

आता हे घ्या. ताऱ्यांच्या फोटोंसाठी बनवलेला फिट्स हा फाइल फॉरमॅट आणखी कोण वापरतं? व्हॅटिकन लायब्ररी, जुनी हस्तलिखितं जपायला. गॅलिलिओशी पटलं नव्हतं, पण फॉरमॅट जुळला!

आणि क्लाऊडचा बोलबाला व्हायच्या आधी? १९९९ मध्ये बर्कलीच्या सेटी अ‍ॅट होमनं लाखो लोकांचे घरचे कॉम्प्युटर एलियन शोधायला जुंपले. स्क्रीनसेव्हर सुरू, शोध सुरू! मार्च २०२० मध्ये नवं काम वाटणं थांबलं. एलियन? अजून ऑफलाइन.