आर्नहेम लँडची आग आणि तिचे राखणदार

डार्विन : ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेस पसरलेल्या आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर आग ही आपत्ती ठरते की जमिनीची निगा, हे ती कोणत्या ऋतूत लागते यावर अवलंबून असते. पश्चिम आर्नहेम लँडचे मूळ रहिवासी असलेले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांपैकी पावसाळ्यानंतर, साधारणतः मे-जूनमध्ये येणाऱ्या ‘येक्के’ ऋतूत गवत अर्धवटच वाळलेले असते आणि रात्री दव पडते. त्यामुळे तेव्हा लावलेली आग जमिनीलगत सरकत जाऊन बहुधा रात्रीतच विझते, आणि जळालेले पट्टे पुढे कडक उन्हाळ्यातील वणव्यासमोर जाळरेषेचे काम करतात.

विसाव्या शतकात बिनिंज कुटुंबे मिशनच्या वसाहतींकडे आणि गावांकडे गेली व पठार जवळजवळ निर्मनुष्य झाले. वेळेवर जाळण्यास कोणी उरले नाही, तेव्हा वर्षाअखेरीचे प्रचंड वणवे मैलोन्‌मैल पसरू लागले आणि आगीपुढे न टिकणाऱ्या ‘अनबिनिक’ या सदाहरित वृक्षाची जुनी राने होरपळली. माणूस बाजूला केला की निसर्ग सुरक्षित राहतो, हा संरक्षणशास्त्रातील लाडका समज येथे साफ खोटा ठरला.

शैलचित्रकार आणि ज्येष्ठ जाणकार लॉफ्टी बार्दायाल नाजामेरेक (निधन 2009) यांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन वेळेवर जाळण्याची ही पद्धत पुन्हा रुजवली. 2006 मध्ये सुमारे 28,000 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी करार झाला. लवकर लावलेल्या सौम्य आगीतून मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे तापमानवाढ करणारे वायू कमी बाहेर पडतात. जेवढे उत्सर्जन टळले त्याचा मोबदला या करारानुसार डार्विनमधील नैसर्गिक वायू द्रवरूप करणारा प्रकल्प देऊ लागला. वायूच्या व्यापाराने स्वतःच्या उत्सर्जनाची अशी भरपाई करावी, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. तरीही या पैशातून बिनिंज रेंजरांना, म्हणजे वनरक्षकांना, आपल्याच भूमीवर पगारी काम मिळाले, ही गोष्ट लहान नाही. आज ते पायी हिंडून जाळतात, तसेच दुर्गम कड्यांवर हेलिकॉप्टरचाही उपयोग करतात.

2009 मध्ये या पठारावरील जवळपास 14,000 चौरस किलोमीटर भाग ‘वार्डेकेन’ या नावाने मूळनिवासी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला. मात्र ऋतू ओळखण्याचे हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जायचे, तर मुलांनी पठारावरच वाढले पाहिजे. म्हणूनच नाजामेरेक यांच्या काबुलवर्नाम्यो या वस्तीत 2015 पासून इंग्रजीसोबत बिनिंज ज्ञान शिकवणारी शाळा चालते.