रँक कुणाची, सीट कुणाची?

इंटरनंतरच्या वाटा : भाग सातवा

मागच्या भागात ‘दोस्त’वरचे वेब ऑप्शन कसे भरायचे ते आपण पाहिलं. तेलंगणात बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश २०१६ पासून या ऑनलाइन खिडकीतून होतात. भरण्याची रीत कळली तरी पहिल्या ओळीत कुठलं कॉलेज लिहायचं, हा प्रश्न उरतोच. बेला, जैनथ, तामसी, तलमडगू इथल्या मराठी घरांतही आता त्याचं उत्तर मोबाइलवर शोधलं जातं. एनआयआरएफमध्ये कितवं आहे? हैदराबादचा कुणी नातेवाईक फोनवर एक आकडा सांगतो आणि आदिलाबादचं सरकारी डिग्री कॉलेज गुमान पाचव्या-सहाव्या ओळीत जाऊन बसतं.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी. २०१५ मध्ये जाहीर झाली, पहिली यादी २०१६ मध्ये आली. विद्यापीठांना गुण देताना शंभरातले ३० अध्यापन आणि साधनांना, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकाल-नोकरीला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० लोकमताला. लोकमत म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकारांना संस्थेबद्दल काय वाटतं ते. कॉलेजांसाठी हे माप थोडं बदलतं. तिथे अध्यापनाला ४०, निकाल-नोकरीला २५ आणि संशोधनाला १५. बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरून देते. कॉलेजांच्या पहिल्या शंभरात दिल्ली, तमिळनाडू आणि केरळ यांचीच दाटी असते. आपल्या जिल्ह्यातलं नाव तिथे शोधू नका.

आता जी गोष्ट प्रवेशाच्या गडबडीत कुणीच सांगत नाही, ती नीट समजून घ्या. विद्यापीठाची रँक ही त्याच्या कॅम्पसची रँक असते. उस्मानिया विद्यापीठ २०२४ मध्ये राज्य सरकारी विद्यापीठांच्या यादीत सहावं होतं. ते सहावेपण कॅम्पसवरच्या विभागांचं, तिथल्या प्राध्यापकांचं, तिथल्या संशोधनाचं. उस्मानियाशी संलग्न असलेलं, दिलसुखनगरच्या एखाद्या व्यापारी इमारतीत वरच्या मजल्यावर चालणारं खाजगी कॉलेज त्या हिशेबात येत नाही. त्या कॉलेजच्या पाटीवर ‘उस्मानिया’ हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत असतो. आपल्याकडची डिग्री कॉलेजं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाशी संलग्न, स्थापना १९७६. आदिलाबादच्या कॉलेजात शिकलेल्या मुलीच्या मेमोवर काकतीयचं नाव येतं, वरंगल शहरातल्या संलग्न खाजगी कॉलेजात शिकलेल्या मुलाच्या मेमोवरही तेच. म्हणजे विद्यापीठाची रँक पाहून संलग्न कॉलेज निवडणाऱ्याच्या हाती नुसतं नाव लागतं.

रँक किती स्थिर असते, हे पाहायला पुण्याचं उदाहरण पुरे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्य सरकारी विद्यापीठांच्या यादीत २०२४ मध्ये तिसरं होतं, २०२५ मध्ये अकरावं. सगळ्या संस्थांच्या एकत्रित यादीत तर ते ३७ वरून ९१ वर गेलं. एका वर्षात पुण्यातलं शिकवणं एवढं बिघडलं का? मुळीच नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं आणि त्या जागा काही त्याच वर्षी रिकाम्या झाल्या नव्हत्या. दुखणं जुनं, यादीत दिसलं उशिरा. २०२४ चा आकडा पाहून ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांना रिकाम्या खुर्च्या यादीच्या आधी वर्गातच दिसल्या असतील.

परदेशी याद्यांची गत याहून निराळी नाही. शांघायच्या विद्यापीठाने २००३ मध्ये पहिली जागतिक यादी काढली ती चिनी विद्यापीठं जगाच्या किती मागे आहेत हे मोजायला. तिच्यात माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेली नोबेल पारितोषिकं मोजतात. क्यूएसच्या यादीत कित्येक वर्षं ४० टक्के गुण नुसत्या नावलौकिकाला होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं, की आपल्या विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेली माहिती खरी नाही. कोलंबिया अमेरिकेतल्या एका नामांकित यादीत दुसरं होतं, ते अठरावं झालं. आपल्या सात जुन्या आयआयटींनी तर २०२० मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत भागच घ्यायचा नाही असं ठरवलं. बड्यांचे हे खेळ बड्यांना परवडतात. बीएस्सीच्या प्रवेशाला यातलं काहीएक उपयोगी नाही.

आदिलाबादच्या मराठी मुलाचं भवितव्य ज्या रेषेवर ठरतं ती रँकची रेषा नव्हे, राज्याची सीमा आहे. या भागात मी मुख्यतः हेच सांगायला बसलो आहे.

आपल्याकडे अनेक घरं मुलाला दहावीनंतर किनवट, नांदेड किंवा थेट लातूरला पाठवतात. भाषा आपली, नातेवाईक तिथे आणि बारावी-नीटच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव मोठं. कारणं समजण्यासारखी आहेत. पण तेलंगणात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी असतात आणि स्थानिक ठरायला साधारणपणे शेवटची सलग चार वर्षं, म्हणजे नववी ते इंटर, राज्यातच शिकलेलं असावं लागतं. एमबीबीएससाठी हा नियम २०२४ मध्ये आणखी घट्ट झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. दुसरीकडे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा तर अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या लागतात. दहावी आदिलाबादला आणि बारावी लातूरला केलेल्या मुलाचं काय होतं? तेलही गेलं, तूपही गेलं. आदिलाबादचं रिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज २००८ पासून आपल्या दारात उभं आहे. तिथली सीट नीटच्या गुणांवर मिळण्यासारखी असूनही कागदावर हातची जाते.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. राखीव जागेचा हक्क राज्याची सीमा ओलांडत नाही. बंजारा समाजाचंच पाहा. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतात, तोच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना सोयरीक असलेल्या तांड्यावरच्या मुलीला उटनूरच्या बाजूने एक वर्ग लागतो, माहूरच्या बाजूने दुसरा. तिने यवतमाळचं कॉलेज ‘रँक चांगली’ म्हणून घेतलं, तर ती तिथे परराज्यातली विद्यार्थिनी ठरते. गंमत अशी, की परराज्यातले विद्यार्थी असले तर एनआयआरएफमध्ये त्या कॉलेजला गुण मिळतात. फायदा कॉलेजचा, खर्च मुलीच्या बापाचा.

आता खर्चाचं बोलू. तेलंगणाची फी-रीइम्बर्समेंट सहसा राज्यातल्या कॉलेजांनाच लागते. ती वेळेवर येत नाही, हे खरं. २०२५ मध्ये थकबाकीसाठी खाजगी कॉलेजांनी बंदही पुकारला. सरकार पैसे देत नाही म्हणून कॉलेज मेमो आणि टीसी अडकवून ठेवतं, हा अनुभव आपल्याकडे घरोघरचा आहे. सरकारी कॉलेजात मुळात फी इतकी थोडी, की हा गळफास लागत नाही. शिवाय ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना आरटीसीच्या पल्ले वेलुगू आणि एक्स्प्रेस गाड्यांत तिकीट नाही. जैनथची मुलगी रोज आदिलाबादला येऊन-जाऊन शिकली तरी तीन वर्षांत प्रवासाचा रुपयाही लागत नाही. सीमेपलीकडे हे झिरो तिकीट संपतं, पुढे एसटीचं निम्मं तिकीट. ज्या घरात भाऊ शिकवायचा की बहीण असा प्रश्न पडतो, तिथे या बसने कितीतरी मुलींची डिग्री वाचवली आहे, असं मी ठामपणे म्हणतो. कुठल्याही क्रमवारीत या बसला गुण नाहीत.

मग रँकला काहीच अर्थ नाही का? तसंही म्हणता येणार नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत असूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई नामांकित कॉलेजात गेलेल्यांइतकीच होती. हुशारी मुलाची होती, पाटीची नव्हती. पण याला एक अपवाद निघाला. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा फायदा खरोखर झाला. पुढच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. ज्याच्या घरी आधीपासून ओळखीपाळखी आहेत त्याला कॉलेजचं नाव नवं काही देत नाही. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी डिग्री घेतंय, त्याला ते बरंच काही देतं. आणि आपल्या जिल्ह्यातली बहुतेक मुलं दुसऱ्या प्रकारातली आहेत.

हा मुद्दा मी टाळणार नाही, पण तो कुठे लागू पडतो ते पाहा. फायदा होतो तो सोबतीचा. होस्टेलवर शेजारच्या खोलीत यूजीसी नेटचा अभ्यास करणारा सीनियर असणं, फॉर्म कधी निघतो हे कानावर पडणं, प्राध्यापकाने नाव घेऊन हाक मारणं. हे कॅम्पसवर मिळतं. संलग्न कॉलेजच्या पाटीवर मिळत नाही. म्हणून माझं मत असं आहे. बीए, बीएस्सी, बीकॉम जवळच्या सरकारी कॉलेजात करा आणि घरची सोय नसेल तर समाजकल्याण किंवा आदिवासी कल्याण खात्याच्या निवासी डिग्री कॉलेजात करा. पीजीला मात्र हट्टाने कॅम्पस गाठा. सीपीगेट ही पीजीची सामाईक प्रवेश परीक्षा उस्मानिया घेतं आणि डिग्री कुठून केली हे तिथे आड येत नाही. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाची वाट सीयूईटीने खुली आहे. इंजिनियरिंगचं गणित वेगळं. उस्मानियाच्या आणि जेएनटीयूच्या स्वतःच्या इंजिनियरिंग कॉलेजात ईएपीसेटवर सीट लागत असेल तर पहिल्याच वर्षी बॅग भरा. तिथे रँक आणि वर्ग एकाच आवारात आहेत.

बासरच्या आरजीयूकेटीबद्दल नेहमी विचारलं जातं. २००८ ची ही संस्था जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली, आता निर्मल जिल्ह्यात. दहावीच्या गुणांवर प्रवेश, सहा वर्षांत बीटेक, राहणं-जेवण आवारातच. खेड्यातल्या मुलांसाठीच ती काढली आणि तशी मुलं तिथून शिकून बाहेर पडली आहेत. जून २०२२ मध्ये मात्र तिथले विद्यार्थी नियमित कुलगुरू द्या, पुरेसे शिक्षक द्या, जेवण सुधारा म्हणत कित्येक दिवस उन्हापावसात बसले. मुलाला पाठवावं, जरूर पाठवावं. पण आधी एकदा जाऊन मेसमध्ये जेवून यावं.

कॉलेज पारखायचं ते असं, पायाने. आपल्या विषयाला कायम लेक्चरर किती आणि गेस्ट किती, हे ऑफिसात विचारा. गेल्या तीन वर्षांत त्या विषयाचे किती जण पास झाले, त्यातले किती पीजीला गेले, किती डीएससीतून शिक्षक म्हणून लागले, ते विचारा. प्रयोगशाळेला कुलूप आहे का, ते स्वतः पाहा. कुणी बोललं नाही तर गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, तो खरं सांगतो. उत्तरं असमाधानकारक आली तर दुसऱ्या सरकारी कॉलेजला जा. पण तिथेही हेच प्रश्न विचारा.

वेब ऑप्शन सुरू होण्याआधी नववीपासूनचे बोनाफाईड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. शाळांना सुट्टी लागली की क्लार्क भेटत नाहीत. ज्यांची मुलं आत्ता आठवीत आहेत, त्यांनी तर पुढचं शिक्षण कुठल्या राज्यात करायचं ते नववीच्या आधीच घरात बसून ठरवावं. पुढच्या भागात उत्पन्नाचा दाखला आणि फी-रीइम्बर्समेंटसाठीचा ई-पासचा अर्ज.