भुयारी रेल्वेची चित्रशाळा

रेल्वेचे तिकीट विकण्यास चित्रकाराची काय गरज, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. लंडनच्या भुयारी रेल्वेने त्याचे जे उत्तर दिले, ते जाहिरातकलेच्या इतिहासात संस्मरणीय ठरले आहे.

इ. स. १९०६ व १९०७ या दोन वर्षांत लंडनच्या पोटातून तीन नवे मार्ग सुरू झाले. त्यांसाठी मोठे भांडवल ओतले होते. परंतु अपेक्षेइतके उतारू मिळेनात आणि कंपनी आर्थिक संकटात सापडली. सकाळ-संध्याकाळ नोकरदारांची गर्दी होई; दुपारी व रविवारी मात्र डबे रिकामे धावत. गाडी भरलेली असो वा रिकामी, वीज, रूळ व नोकरवर्ग यांवरील खर्च फारसा बदलत नाही. साहजिकच सवडीच्या वेळी येणारा प्रत्येक उतारू म्हणजे जवळजवळ निव्वळ लाभच होता.

१९०८ साली प्रसिद्धीचे काम फ्रँक पिक याच्याकडे आले. तो शिक्षणाने कायद्याचा जाणकार, चित्रकलेचा नव्हे. तथापि, मनुष्य गाडीत बसण्यासाठी नव्हे तर कोठेतरी जाण्यासाठी प्रवास करतो, हे त्याने अचूक ओळखले. म्हणून त्याच्या भित्तिपत्रकांवर इंजिनांऐवजी राने, नदीकाठ, उद्याने आणि प्राणिसंग्रहालय दिसू लागले. धुराने काळवंडलेल्या शहरात कामावर निघालेल्या कारकुनास ती चित्रे जणू रविवारचे निमंत्रणच देत. पिकने जागेलाही शिस्त लावली. व्यापारी जाहिरातींच्या गर्दीत स्थानकाचे नाव हरवून जाई. त्याने दोहोंच्या जागा वेगळ्या केल्या. पुढे १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने रेल्वेसाठी स्वच्छ, सुवाच्य अक्षरवळणही घडविले.

१९१५ साली पिकने मॅकनाइट कॉफर या तरुण अमेरिकन चित्रकारास पहिले काम दिले. त्या काळी नवचित्रकलेची रसिकांतही थट्टा होत असे. कॉफरने मात्र तिचेच ठसठशीत आकार व सपाट रंग स्थानकांच्या भिंतींवर आणले. हिवाळी विक्रीच्या एका चित्रात वारा-पावसाशी झुंजणारी माणसे त्याने केवळ तिरप्या रेषांनी व रंगांच्या पट्ट्यांनी दाखविली. जमिनीखालून कोरडे जाता येते, हे निराळे सांगावे लागले नाही. अशी शंभरांहून अधिक भित्तिपत्रके त्याने या वाहतूकसंस्थेसाठी केली.

आज लंडनच्या वाहतूक संग्रहालयात अशी पाच हजारांहून अधिक भित्तिपत्रके जतन केलेली आहेत. त्या काळी ती पाहण्यास एका तिकिटापलीकडे दाम पडत नसे. स्थानकाच्या दाराशी लावलेल्यांस तर तेवढाही नाही.