शेकोटीवरची हलगी

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. बाप्पाला निरोप देऊन, नाचून-वाजवून दमलेली लातूर जिल्ह्यातली किल्लारी उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर आली. आदल्या वर्षीपासून जमीन गुडगुडत होतीच.

घरांचे, जनावरांचे पंचनामे झाले. खुंटीवरच्या हलग्यांचा, संबळ-तुणतुण्यांचा पंचनामा कोण करणार? सोळा दिवसांवर घटस्थापना होती, आराधी-गोंधळ्यांच्या हाताला उसंत नसायचे दिवस. त्या नवरात्रात गोंधळ घालायला अंगण कुठं होतं?

भूकंपानंतर वसलेली नवी गावठाणं ऐसपैस, रस्ते सरळ. जुन्या गावात दवंडीची हलगी वेशीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत ऐकू जायची. नव्या गावात ते काम भोंग्याकडं गेलं. पण सगळा दोष भूकंपावर ढकलू नये. हलगी ज्यांच्या गळ्यात जातीनं अडकवली होती, त्यातल्या अनेकांनी ती मानानं जगायचं म्हणून आधीच उतरवली होती. वाद्य टिकावं म्हणून हळहळणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे विसरू नये.

ही भूमी तशी वाद्यांची जुनी जाणकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचाच. कोरियातल्या जांगू या कमरेत बारीक ढोलाचं मूळही काही अभ्यासक भारतातल्या डमरूच्या कुळात शोधतात. तिथं शेतकऱ्यांचे ढोल आणि धातूच्या थाळ्या १९७८मध्ये सोलच्या नाट्यगृहात आल्या, ‘सामुलनोरी’ म्हणून जगभर गेल्या. आमची हलगी डीजेच्या गाडीमागं चालली.

तरी ती मेली नाही. लग्नाच्या वरातीआधी मांडवामागं काटक्या पेटवायच्या, कडं फिरवत चामडं शेकायचं, अंगठ्यानं टिचकी मारून कान लावायचा. ढब आवाज आला की अजून शेक. कडक वाजली की उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी. पावसाळी हवेत दर थोड्या वेळानं पुन्हा शेकोटी.

आता फायबरचं पान आलंय. बोल्ट आवळला की सूर चढतो, भिजली तरी फिकीर नाही. वाजवणारी पोरं खूश आहेत. मला मात्र तो आवाज पत्र्याचा वाटतो.