ऊर्जेची काळावर बेरीज: चांदोलीच्या पाण्यातून

वीजमीटर ऊर्जेची काळावर बेरीज करतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ही बेरीज शक्तीची असते, म्हणजे ऊर्जा ज्या दराने वापरली जाते त्या दराची. तिचे उत्तर म्हणजे ऊर्जा. शिराळा तालुक्यात वारणेवरील चांदोली धरणाच्या वीजगृहाची क्षमता १६ मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने २४ तास चालले तर ३ लाख ८४ हजार युनिट वीज तयार होते. याच तालुक्यातल्या गुढे-पाचगणी पठारावरील पवनचक्क्यांना असा साधा गुणाकार लागू पडत नाही. वारा सतत बदलतो, म्हणून क्षणाक्षणाच्या शक्तीचे संकलनच करावे लागते.

ऊर्जेचे पुन्हा काळावर संकलन केले तर आणखी ऊर्जा मिळते, हा दुसरा गैरसमज. उत्तर ज्यूलमध्ये येतच नाही, ज्यूल-सेकंदात येते. १ टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते ५० मीटर खाली उतरणार असे धरले, तर त्यात सुमारे ३८.५ लाख युनिट स्थितिज ऊर्जा असते. पाणी शंभर दिवस अडवून ठेवल्याने ती वाढत नाही. ते पेलून धरण्यासाठी भिंतीला ऊर्जा खर्चावीही लागत नाही. संकलनातून येणारे ३८.५ कोटी युनिट-दिवस एवढेच सांगतात, की किती ऊर्जा किती काळ मुक्कामाला होती.

म्हणून ही राशी निरर्थक ठरत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा, एखाद्या जलाशयात वर्षभर सरासरी ४० लाख युनिट ऊर्जा साठलेली होती. संकलन झाले १४६ कोटी युनिट-दिवस. वर्षात २ कोटी युनिट बाहेर पडले आणि वर्षाअखेर साठा होता तितकाच राहिला, तर भागाकार ७३ दिवस येतो: प्रत्येक युनिट सरासरी इतके दिवस साठ्यात थांबले. बॅटरीतही हेच गणित कामी येते. पडून राहिलेली बॅटरी रोज साठ्याचा ठरावीक अंश गमावत असेल, तर एकूण गळती म्हणजे तो अंश गुणिले हेच संकलन.

भौतिकशास्त्रातील ‘क्रिया’ ही राशीही ज्यूल-सेकंदात मोजतात, त्यामुळे दोन्ही एकच मानल्या जातात. यांत्रिकीत क्रियेसाठी एकूण ऊर्जेचे नव्हे, तर गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून उरलेल्या राशीचे संकलन होते. वस्तूचा खरा मार्ग असा असतो, की तो किंचित बदलला तरी क्रिया जवळजवळ तितकीच राहते. ती दरवेळी किमान असतेच असे नाही, ‘किमान क्रिया’ हे नाव रूढ असले तरी. प्लांकचा स्थिरांक (६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात) आणि कोनीय संवेग यांचेही एकक ज्यूल-सेकंदच आहे, पण एकक जुळले म्हणून राशी एक होत नाहीत.