आईचे निगेटिव्ह रक्त आणि परळची प्रयोगशाळा

पोटातल्या बाळाचे निम्मे गुण बापाकडून आलेले असतात. आईच्या प्रतिकारशक्तीच्या लेखी ते निम्मे परकेच. तरी नऊ महिने ते सांभाळले जाते. याचे एक कारण म्हणजे वार आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळू देत नाही. अडचण येते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. बाळंतपणात बाळाच्या थोड्या तांबड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्यांच्यावरचे डी नावाचे प्रथिन आईकडे नसते, म्हणून तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. पहिले बाळ बहुधा सुखरूप जन्मते. पुढच्या खेपेला मात्र हीच प्रतिपिंडे वार ओलांडून पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला पंडुरोग होतो, कावीळ होते, अंगावर सूज येते. कधी ते पोटातच दगावते.

यावरचा उपाय 1968 पासून वापरात आहे. बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचे, म्हणजे डीविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन दिले की आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी तिची प्रतिकारशक्ती जागी होण्याआधीच नाहीशा होतात. 28 व्या आठवड्यात आणखी एक डोस दिला तर धोका फारच कमी उरतो. इचलकरंजीत असो वा मुंबईत, गरोदरपणाची नोंद होताना रक्तगट तपासतात तो यासाठीही. भारतात शंभरातल्या सुमारे पाच जणांचे रक्त निगेटिव्ह असते. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण सुमारे पंधरा.

काही रक्ते मात्र पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन खणांत सरळ बसत नाहीत. पेशीवर डी असते, पण इतके थोडे की एका तपासणीत ते दिसते आणि दुसरीत निसटते. याला वीक डी म्हणतात. अशा बाईला इंजेक्शन द्यायचे की नाही, हा प्रश्न साध्या तपासणीने सुटत नाही. त्यासाठी जनुक वाचावे लागते.

ते वाचण्याचे काम मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. रक्तगटांच्या अभ्यासाची मुंबईतली परंपरा त्याहूनही जुनी आहे. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बॉम्बे या दुर्मिळ रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली होती. आरएचच्या जनुकांवर या संस्थेत ज्यांनी दीर्घकाळ काम केले, त्यांत डॉ. स्वाती कुलकर्णी यांचे नाव ठळक आहे.

डी प्रथिनाचे जनुक आरएचडी. ते पहिल्या गुणसूत्रावर असते आणि त्याचे दहा खंड आहेत. निगेटिव्ह माणसात बहुधा हे जनुक मुळातच गायब असते. वीक डीमध्ये ते असते, पण बिघडलेले. युरोपात बहुतेक वीक डी रक्ते पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मोडतात. या तीन प्रकारांच्या स्त्रियांना अँटी-डीची गरज नाही, असा तिकडचा अनुभव आहे. भारतीय नमुन्यांना हीच कसोटी लावली तेव्हा ती जुळली नाही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ब्रेस्टच्या शास्त्रज्ञांसोबत केलेला अभ्यास 2018 मध्ये ‘ट्रान्सफ्यूजन’ या नियतकालिकात आला. भारतीयांत सर्वाधिक आढळणारा प्रकार तोवर कोणी नोंदवलेलाच नव्हता. त्यात जनुकाचा तिसरा खंड दोनदा येतो. या शोधाचे मोल मोठे आहे: परदेशी यादीवर विसंबलेली जनुकीय चाचणी इथे बहुतेक वीक डी रक्तांचा उलगडाच करू शकली नसती. आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, याच गटाने आरएचनल रक्ताची भारतातली पहिली नोंद केली होती. त्या रक्तात आरएचचे एकही प्रथिन नसते. अशा माणसाला रक्त लागले तर दाता मिळणे जवळपास अशक्य.

दुसरी दिशा बाळाच्या तपासणीची. आईच्या रक्तद्रवात बाळाचा डीएनए तरंगत असतो, हे डेनिस लो यांनी 1997 मध्ये दाखवले. निगेटिव्ह आईच्या रक्तद्रवात आरएचडीचे तुकडे सापडले तर ते बाळाचेच असणार, कारण तिच्याकडे ते जनुक नाही. गर्भाशयात सुई न घालता बाळाचा गट यावरून कळतो. बाळ निगेटिव्ह निघाले तर आईला इंजेक्शनाची गरजच उरत नाही. मुंबईतही ही पद्धत तपासली गेली.

या पद्धतीला वीक डीमुळे एक अडचण मात्र येते. आईचे जनुक गायब नसून नुसते बिघडलेले असेल, तर तिच्या रक्तद्रवातले आरएचडीचे तुकडे तिचे की बाळाचे, हे सांगता येत नाही. अशा वेळी आधी आईचाच प्रकार ओळखावा लागतो. तो कळेपर्यंत तिला निगेटिव्ह मानून अँटी-डी देणे, हाच सुरक्षित मार्ग.